ओळख दाखवा, पण ओळखीच्यांची यादी कशाला?

मैत्रिणींनो, नवं अ‍ॅप उघडलं की ते दोन गोष्टी विचारतं. एक, तुम्ही कोण? दुसरी, तुमच्या ओळखीचे कोण? दोन्ही प्रश्न लागोपाठ येतात, म्हणून आपण दोन्हीकडे ‘हो’ दाबून मोकळ्या होतो. पण ते प्रश्न वेगळे आहेत आणि उत्तरंही वेगळी देता येतात.

आधी पहिला प्रश्न. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आठवा. मिळायचा गावात, पण चालायचा तालुक्याला, बँकेत, शाळेत. सगळ्या राज्याचे दाखले मुंबईतल्या एकाच कचेरीतून निघत नव्हते. जिथे तुमची नोंद, ते गाव तुमची खात्री द्यायचं. इंटरनेटवर हीच युक्ती २००५ साली अमेरिकेतल्या ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी ‘ओपनआयडी’ नावाने आणली. खातं एका ठिकाणी, ओळख पटणार अनेक ठिकाणी. आज ‘गुगलने लॉगिन करा’ असं बटण दिसतं, ते त्याच घराण्यातलं. त्यातून समोरच्या अ‍ॅपला सहसा तुमचं नाव, ईमेल आणि फोटो जातो, पासवर्ड जात नाही. (दाखला देणारी ‘गावं’ मात्र आता मोजक्या बड्या कंपन्याच उरल्यात, हे काही मला पटत नाही.)

आता दुसरा प्रश्न. दाखला बघून कारकून म्हणाला, “सगळ्या पाहुण्यारावळ्यांचे नंबर द्या,” तर आपण विचारू ना, कशाला म्हणून? फोनमध्ये मात्र विचारत नाही. त्या यादीत नणंद असते, सीआरपी ताई असते, मुलाचे सर असतात. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. झटपट कर्ज देणाऱ्या काही अ‍ॅपवाल्यांनी हीच यादी उचलली आणि हप्ता थकला की ओळखीच्यांना फोन करून कर्जदाराची बदनामी केली. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियमच घालून दिला: कर्जाच्या अ‍ॅपने संपर्क यादी, फोनमधल्या फायली, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. कॅमेरा किंवा लोकेशन केवायसीपुरतं, एकदाच, तेही तुमच्या स्पष्ट संमतीने. तेव्हा कर्जाचं अ‍ॅप यादी मागत असेल तर तिथेच थांबा.

ओळखी जोडणं वाईट नाही हो. पापड-मसाल्याच्या ऑर्डरी ओळखीतूनच येतात. पण कुणाला जोडायचं ते आपण ठरवायचं. विक्रीच्या अ‍ॅपमध्ये हवे ते चार नंबर हाताने टाका, सगळी यादी उघडू नका. यादी नाकारली म्हणून अ‍ॅप उघडतच नसेल, तर त्याला गिऱ्हाईक नको, यादीच हवी होती असं समजा.

आधीच ‘हो’ दाबलंय? सेटिंग्जमध्ये जा, अ‍ॅप्स उघडा, ते अ‍ॅप निवडा, परवानग्यांमध्ये ‘संपर्क’ बंद करा. गेलेले नंबर त्याने परत येत नाहीत, पुढचे मात्र वाचतात. येत्या मासिक सभेत बचत जमा झाली की दहा मिनिटं काढून सगळ्यांनी मिळून हे करा. ज्यांना जमत नाही त्यांचा फोन शेजारणीने बघावा, ओटीपी मात्र तिलाही सांगू नये. आणि पैशांची फसवणूक झालीच तर वाट न बघता १९३० या नंबरवर फोन करा.