दहावा भिडू येणार की नाही? हौशी फुटबॉल टीमचं गणित

पुण्या-मुंबईत आता जाळी लावलेले, प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलेले टर्फ जागोजागी दिसतात. तासावर भाडं, पाच विरुद्ध पाच, आणि खेळणारे बहुतेक नोकरदार, नाहीतर आमच्यासारखे रिसर्च स्कॉलर. अशा टीमचा आजार एकच असतो. गुरुवारी व्हॉट्सॲपवर पोल पडतो, दहा जण 'येतोय' म्हणतात आणि रविवारी सकाळी सात वाजता आठच टाळकी हजर. मग टीम चालवणारा वैतागतो, "लोकांना सिरियसनेसच नाही!" असं दोन-तीन महिने चाललं की ग्रुप शांत होतो, आणि आठवड्यातून एकदा घाम गाळायची, चार दोस्त भेटायची जागाच जाते.

माझं पीएचडीचं काम माणसं एकमेकांना सहकार्य कधी करतात आणि कधी सोडतात, याच्या मॉडेल्सवर चालतं. त्या चष्म्यातून पाहिलं तर हा आळशीपणाचा प्रश्न फार कमी वेळा असतो. नेमकं काय अपेक्षित आहे हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि बाकीचे ते पाळतील याची कुणालाच खात्री नसते. या दोन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात.

आधी साधं गणित

समजा, प्रत्येक भिडू अगदी शब्दाचा पक्का आहे. दहादा 'येतो' म्हणाला तर नऊदा येतो. मग 'येतोय' म्हणालेले दहाच्या दहा जण हजर राहण्याची शक्यता किती? 0.9 ला स्वतःनेच दहा वेळा गुणायचं. उत्तर येतं सुमारे 35 टक्के! म्हणजे सगळे इमानदार असूनही तीनपैकी जवळपास दोन रविवार भिडू कमी पडणार.

आता बारा जणांना घ्या. बारापैकी किमान दहा येण्याची शक्यता सुमारे 89 टक्के होते. चौदा घेतले तर 99 टक्के. पण चौदा आले तर चौघांना बाहेर बसावं लागतं, म्हणून बारा हा बरा आकडा. यात एक गृहीतक दडलंय: एकाच्या न येण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. प्रत्यक्षात पाऊस, परीक्षा, लाँग वीकेंड सगळ्यांना एकदमच गाठतात, त्यामुळे खरी परिस्थिती याहून वाईटच. मुद्दा एवढाच की निम्मा राग माणसांवर काढायचं कारण नाही, तो आकड्यांचा दोष आहे.

'तो येत नाही, तर मी का?'

2001 साली फिशबाखर, गेश्टर आणि फेअर या तिघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौघांचा गट, प्रत्येकाकडे 20 टोकन. सामाईक डब्यात टाकलेल्या प्रत्येक टोकनमागे चौघांनाही 0.4 मिळतं. सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाला 32. पण बाकी तिघांनी टाकलं आणि तुम्ही हात आखडला, तर तुम्हाला 44! थोडक्यात, फुकट्याची चैन.

गंमत म्हणजे सगळे फुकटे निघाले नाहीत. 44 सहभागींपैकी साधारण 30 टक्के लोकांनी इतरांनी कितीही टाकलं तरी स्वतः काहीच टाकलं नाही. पण निम्मे लोक 'तुम्ही टाकाल तितकं मी टाकेन' या जातीचे होते. यांना सशर्त सहकारी म्हणतात.

प्रयोगशाळेतली टोकनं म्हणजे फुटबॉल नव्हे, हे मान्य. जो झोपून राहतो त्याला त्या दिवशी खेळायला मिळत नाही. पण त्याच्यासाठी टीम जिवंत ठेवायचं काम आणि त्याच्या वाट्याचं भाडं बाकीचेच उचलतात. तासाचं भाडं 1,500 रुपये धरा. दहा जण असतील तर माणशी 150, आठच आले तर 187 रुपये 50 पैसे. पहाटे उठून आलेला माणूस हा हिशेब बरोबर लक्षात ठेवतो आणि पुढच्या रविवारी तोही गजर बंद करतो. तो फुकटा नसतो, सशर्त असतो. त्याची शर्त मोडलेली असते.

दंड लावू का?

पहिला विचार हाच येतो. इथे ग्नीझी आणि रुस्तिकिनी यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवतो. इस्रायलच्या हैफा शहरातली दहा पाळणाघरं. मुलांना न्यायला काही पालक उशिरा येत. त्यातल्या सहा ठिकाणी उशिरासाठी 10 शेकेल दंड लावला. उशीर कमी झाला? उलट वाढला, जवळपास दुप्पट झाला. नंतर दंड काढून टाकला तरी तो खाली आला नाही. आधी लाज होती, आता दर ठरला होता.

टर्फवरही 'न आल्यास 100 रुपये' म्हटलं की दांडीचा भाव ठरतो. त्यापेक्षा महिन्याचे पैसे आधी घ्या. चार रविवारांचे 6,000 रुपये बारा जणांत वाटले की माणशी 500. ही शिक्षा नाही, जागेचं भाडं आहे. पैसे गेलेत म्हटल्यावर पायही निघतो, आणि बाकीच्यांनीही भरलेत हे सगळ्यांना दिसतं. ते दिसणं सशर्त माणसासाठी महत्त्वाचं.

बाहेर कोण बसणार?

कोल्हापुरात पेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा तिथे कशासाठी खेळायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. जिंकण्यासाठीच! टर्फच्या ग्रुपमध्ये मात्र एक जण जिंकायला येतो, दुसरा पोट कमी करायला, तिसरा गप्पांना. हे आधी बोललं नाही तर जास्त भिडू आले की कच्चा खेळणारा आपोआप बाहेर बसतो. पैसे तेवढेच देतो, खेळतो निम्मा वेळ. तो भांडत नाही, नुसता यायचा बंद होतो.

बारा जणांत सोपा उपाय आहे. साठ मिनिटांचे पाच-पाच मिनिटांचे बारा तुकडे करा आणि दर तुकड्याला दोघं बाहेर. प्रत्येक जण दोनदा बसतो आणि 50 मिनिटं खेळतो. गोलकीपरही याच चक्रात.

मग सांगायचं काय?

2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पाटाचं पाणी, कुरणं, मासेमारी अशा सामाईक गोष्टी सांभाळणारी गावं अभ्यासली. टिकलेल्या व्यवस्थांत नियम ठरवण्यात पाळणाऱ्यांचा सहभाग होता, आणि शिक्षा पायरीपायरीने वाढणारी होती. पहिल्याच चुकीला हाकलून देणं नव्हतं.

हे सगळं एका मेसेजमध्ये मावतं:

"आपण मजेसाठी खेळतो. बारा जण, सगळ्यांना सारखा वेळ. महिन्याचे 500 आधी. जमणार नसेल तर शनिवारी रात्री आठपर्यंत कळवा. वेटिंगमधला भिडू आला तर त्या दिवसाचे पैसे परत. न कळवता पहिली दांडी मारली तर फोन येईल, सलग दुसरी मारली तर पुढचा महिना वेटिंगमध्ये. काही पटत नसेल तर आत्ताच बोला, बदलू."

शेवटचं वाक्य गाळू नका. ते वाचून कुणीतरी म्हणेल, "मला महिन्यातून दोनच रविवार जमतील." त्याला वेटिंगमध्ये घ्या. टीमला दोन रविवारांचा खात्रीचा भिडू मिळाला, आणि त्याला खोटं 'येतोय' टाकावं लागलं नाही.