मृगाच्या पाण्यात मासा उलटा का चढतो?

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर रात्री कुणी लवकर झोपत नाही. बॅटरी, पाग, बांबूचे सापळे, कोयते घेऊन माणसे ओहोळाकडे निघतात. चार दिवसांपूर्वी जिथे गुरांच्या तोंडाला लागेल एवढेही पाणी नव्हते, तिथून आता गढूळ लोंढा धावत असतो आणि त्याच्या विरुद्ध दिशेने मासे वर चढत असतात. शिंगाळी, वाम, मरळ, बारीक खवल्यांची कितीतरी मासळी, आणि बहुतेक माद्यांच्या पोटात गाबोळी. हीच वलगण.

डोहाच्या तळाशी असलेल्या माशाला वर आभाळ फाटल्याचे कळते कसे?

त्याची तयारी फार आधीपासून चाललेली असते. फेब्रुवारीपासून दिवस मोठा होतो, पाणी तापू लागते, तशी रोहू, कटला, मृगळ यांच्या पोटातली अंडी हळूहळू भरत जातात. मे महिन्याअखेर ती जवळजवळ पक्व होतात आणि तिथेच थांबतात. वरोली किंवा सूर्या नदीचे डोह तेव्हा आटलेले, कोमट, क्षारांनी दाट झालेले असतात. अशा पाण्यात अंडी घालणे म्हणजे पिल्लांचा जीव घालवणे.

मग एका रात्रीत सगळे पालटते. पाणी थंड होते. पावसाच्या पाण्याने क्षार विरळ होतात. प्रवाहाला जोर येतो आणि माशाच्या अंगावरून डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणारी संवेदनरेषा तो जोर टिपते. भिजलेल्या मातीचा, कुजलेल्या पाल्याचा वास पाण्यात उतरतो. या खुणा एकत्र आल्या की मेंदूतून संदेश सुटतो, मेंदूच्या तळाशी असलेली इवलीशी पीयूष ग्रंथी संप्रेरके रक्तात सोडते आणि महिनोन्‌महिने थांबलेली अंडी काही तासांत मोकळी व्हायला तयार होतात.

एकच सर येऊन आठवडाभर ऊन पडले, तर हे घडेलच असे नाही. पुराची खूण मिळालीच नाही, तर मादी अंडी न घालता ती पुन्हा शरीरात जिरवून टाकते. म्हणूनच बांधीव तळ्यातली रोहू अंड्यांनी भरते, पण आपणहून अंडी घालत नाही; तिच्यापर्यंत पूर पोचलेलाच नसतो.

भारतीय शास्त्रज्ञांनी नेमके इथेच बोट ठेवले. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प, म्हणजे रोहूच्या कुळातल्या, माशांकडून अंडी घालून घेतली. पुराने द्यायचा निरोप सुईने दिला गेला. आज देशभरच्या तळ्यांत सोडले जाणारे मत्स्यबीज त्या प्रयोगाच्या पायावर उभे आहे आणि १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

प्रत्येक देशाचा मासा आपापल्या हवामानाची भाषा शिकलेला असतो. उत्तर अमेरिकेच्या तळ्यांतला क्रॅपी वसंत ऋतूत पाणी सुमारे १६ ते २० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की उथळ काठाशी येतो. त्याला ऊब बोलावते, आपल्या माशांना गारवा. तिकडे थंडीची लाट आली की क्रॅपी पुन्हा खोल पाण्यात जातो. इकडे पावसाने उघडीप दिली की ओहोळ उतरतो आणि वर गेलेल्या माशांना वेळेत परतावे लागते.

एवढा धोका पत्करून वर जायचे ते पिल्लांसाठी. नुकतीच पाण्याखाली गेलेली भातखाचरे उथळ, उबदार असतात. सूक्ष्म जीव तिथे झपाट्याने वाढतात आणि मोठे शिकारी मासे कमी असतात. मरळ तर हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. पुढे नर-मादी आपल्या तांबूस पिल्लांच्या थव्याची राखणही करतात. रोहूची गोष्ट वेगळी. ती राखण करत नाही, संख्येवर भिस्त ठेवते. एक किलो वजनाची मादी दोन-तीन लाख अंडी घालते आणि ती दिवसभराच्या आत फुटतात.

पाणी, मासा आणि माणूस यांचे हे नाते इथल्या चित्रांतही उतरले आहे. तलासरी तालुक्यात जन्मलेले आणि डहाणूच्या गंजाडजवळ आयुष्य काढलेले पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांनी मासेमारीचे भले मोठे जाळे बारीक पांढऱ्या रेषांनी पुन्हा पुन्हा रंगवले.

माशाच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा क्षण आणि तो हाती लागण्याचा सर्वांत सोपा क्षण एकच असतो, म्हणून इथे जपून वागायला हवे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. त्या नाजूकपणात हे ओहोळही येतात. तेव्हा यंदा वलगणीला जरूर जा, पण ओहोळ या काठापासून त्या काठापर्यंत अडवू नका. विजेचा झटका किंवा ब्लीचिंग पावडर पाण्यात कधीही वापरू नका, आणि नवी मोरी बांधताना तिचा तळ ओहोळाच्या तळाशी समतल ठेवायला सांगा. अर्धा ओहोळ मोकळा राहिला, तर पुढच्या मृगातही मासा वर चढेल.