पडद्यावरचं पोकर : पानं खोटी चालतील, पैज खरी हवी

पोकरचा प्रसंग पडद्यावर आला, की जाणकार प्रेक्षकाची पहिली तक्रार ठरलेली असते : असली पानं कुणाला कधी येतात का? तक्रार रास्त आहे, पण सगळ्यांत किरकोळ आहे. पडद्यानं पोकरबद्दल रुजवलेले खरे गैरसमज वेगळेच आहेत. पैसे कसे लावतात, खेळाडू काय पाहून निर्णय घेतो आणि हरण्याचा अर्थ काय, या तीन गोष्टी मालिका सर्रास चुकीच्या दाखवतात. त्या चुका मला माफ कराव्याशा वाटत नाहीत. कारण पानं नशिबानं येतात, पण पैज माणूस लावतो, आणि गोष्ट माणसाची असते.

'असे हात येतच नाहीत'

टीव्हीवर पुन:पुन्हा लागणाऱ्या 'कसिनो रोयाल' (2006) या बाँडपटातला शेवटचा डाव घ्या. टेबलावरच्या सामाईक पानांत बदाम आणि इस्पिक असे दोन एक्के, शिवाय इस्पिकची अठ्ठी, छक्की आणि चौकी. चार खेळाडू सगळे पैसे लावून बसलेले. एकाकडे फ्लश (एकाच रंगाची पाच पानं), दुसऱ्याकडे फुल हाउस (तीन सारखी, दोन सारखी), खलनायकाकडे त्याहून मोठं फुल हाउस आणि बाँडच्या हातात इस्पिकची पंजी आणि सत्ती, म्हणजे चौकीपासून अठ्ठीपर्यंत सलग इस्पिक, अर्थात स्ट्रेट फ्लश. हातातली दोन आणि टेबलावरची पाच अशा सात पानांतून पाचांचा हात लावण्याच्या टेक्सस होल्डेम या प्रकारात स्ट्रेट फ्लश, एक्क्यापर्यंत जाणारा रॉयल फ्लश धरून, साधारण 3,217 डावांत एकदा लागतो. कसिनोतल्या टेबलावर तासाला 25-30 डाव होतात. म्हणजे एकही डाव न सोडता खेळत राहिलं, तरी सरासरीनं शंभराहून जास्त तास वाट पाहायची. त्यात त्याच डावात आणखी तिघांना असे हात लागायचे!

तरीही याला अशक्य म्हणता येत नाही. 2008 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत चार एक्के लागलेला एक खेळाडू रॉयल फ्लशपुढे हरला आणि थेट स्पर्धेबाहेर गेला. कॅमेरे चालू होते. एखाद्या लेखकानं हाच डाव मालिकेत लिहिला असता, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

उलटही घडतं. 1957 ते 1962 या काळात अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 'मॅव्हरिक' ही मालिका गाजली. जेम्स गार्नर त्यात पत्तेबाज नायक होता. तिच्या 1958 मधल्या 'रोप ऑफ कार्ड्स' या भागात नायक एक दावा करतो : कुठलीही 25 पानं घ्या, त्यांचे पाच-पाच पानांचे पाच हात असे लावता येतात की प्रत्येक हात स्ट्रेट (सलग पाच पानं) किंवा त्याहून वरचा असेल. ऐकताक्षणी शुद्ध थाप वाटते. प्रत्यक्षात शंभरातल्या सुमारे 98 वेळा हे जमतं. पत्त्यांच्या या कोड्याला आजही मॅव्हरिकचंच नाव आहे. तेव्हा पानांच्या बाबतीत आपल्या अंदाजावर फार विसंबू नये, आणि लेखकाला एखादा योगायोग खुशाल घेऊ द्यावा.

'पैसे संपले की डाव गेला'

हा गैरसमज मात्र मुळावर येणारा आहे. दृश्य आपल्या ओळखीचं असतं : श्रीमंत खेळाडू चिप्सचा ढीग पुढे सरकवतो, गरीब नायकाकडे तेवढे पैसे नसतात, मग तो घड्याळ काढतो, गाडीची किल्ली टाकतो, नाहीतर घराचे कागद मागवतो. नाही जमलं तर हात चांगला असूनही त्याला उठावं लागतं.

खऱ्या पोकरमध्ये असं घडूच शकत नाही. डाव सुरू होताना तुमच्यासमोर टेबलावर जेवढे पैसे असतील, तेवढेच त्या डावात लावता येतात. खिशातून काढायचे नाहीत, कुणाकडून उसने घ्यायचे नाहीत. आणि समोरच्यानं कितीही मोठी पैज लावली, तरी आहेत तेवढे लावून तुम्ही डावात राहू शकता. समजा, एकाकडे 2,000 रुपये आहेत आणि दोघांकडे प्रत्येकी 10,000. ते दोघं सगळे पैसे लावतात आणि पहिलाही आपले 2,000 लावतो. मग तिघांचे दोन-दोन हजार मिळून 6,000 चा मुख्य पॉट, म्हणजे जिंकायची रक्कम, होतो, त्यावर तिघांचा हक्क. उरलेल्या 16,000 चा वेगळा पॉट, त्यासाठी फक्त त्या दोघांत सामना. पहिल्याचा हात सरस ठरला, तर 6,000 तो घेऊन जातो.

हा नियम मला पोकरमधली सगळ्यांत न्याय्य गोष्ट वाटते. पैशाच्या जोरावर गरिबाला डावातून हुसकता येत नाही. भीती घालता येते, फसवता येतं, पण उठवता येत नाही. मालिका हा नियम मोडतात तेव्हा नुसता तपशील चुकत नाही. श्रीमंतीपुढे इलाज नाही, असा भलताच निष्कर्ष त्या खेळाच्या तोंडी घालतात.

'फ्रेंड्स'मध्ये 1995 साली आलेला पोकरचा भाग आपल्याकडेही अनेकांना पाठ असेल. रॉस आणि रेचल चुरशीनं पैज वाढवत जातात आणि पैसे कमी पडले की दोघंही मित्रमैत्रिणींकडून उसने घेतात. कसिनोत हे चाललं नसतं. पण घरच्या डावात माणसं असंच वागतात, म्हणून तिथं ते खटकत नाही. आणि त्याच प्रसंगात एक नियम अचूक सांभाळलेला आहे. रेचल फुल हाउस दाखवते, रॉस हार मानतो आणि आपली पानं कुणाला पाहू देत नाही. हरणाऱ्यानं पानं न दाखवता टाकून द्यायची, ही पोकरमधली सर्वमान्य मुभा. रॉस खरंच हरला की तिच्यासाठी मुद्दाम हरला, हे कोडं त्या मुभेमुळेच शिल्लक राहतं. नियम नीट माहीत असला की तो कथेला किती देऊ शकतो, हे त्यातून कळतं.

आपल्याला हे नवं नाही. चोप्रांच्या 'महाभारत' मालिकेतलं द्यूत ज्यांनी रविवारी सकाळी पाहिलं, त्यांना आठवेल : सभेतला सगळा ताण येतो तो द्रौपदीच्या एका नियमविषयक प्रश्नातून. स्वतःला आधीच हरलेल्या माणसाला दुसऱ्याला पणाला लावण्याचा हक्क उरतो का? फासे कसे पडले, याची चर्चा कुणी करत नाही. पण लावण्याचा अधिकार कुणाला आणि कुठवर, या प्रश्नापुढे भीष्मही निरुत्तर होतात.

'तुझे पाचशे, आणि वर दोन हजार!'

पडद्यावर हे वाक्य रुबाबात म्हटलं जातं. कसिनोत ते म्हणणाऱ्याचे वरचे दोन हजार परत केले जातील. आधी बरोबरी जाहीर केली, की ती बरोबरीच. पैज वाढवायची असेल तर ते आधी सांगायचं किंवा सगळे चिप्स एकाच हालचालीत पुढे ठेवायचे. पहिलं अर्धं वाक्य बोलून समोरच्याचा चेहरा न्याहाळायचा आणि मग उरलेलं बोलायचं, ही लबाडी रोखण्यासाठी हा नियम आहे.

'चेहरा वाचता आला की जिंकलं'

पापणी लवली, ओठ थरथरला, आणि नायकानं ओळखलं! शरीराच्या खुणांवर माइक कॅरो यांचं 1984 मधलं पुस्तक प्रसिद्ध आहे आणि अशा खुणा असतात हेही खरं. पण 2013 मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात वर्ल्ड सिरीजमधल्या खेळाडूंच्या चित्रफिती विद्यार्थ्यांना दाखवून कुणाचा हात किती चांगला, हे ओळखायला सांगितलं होतं. फक्त चेहरा पाहणाऱ्यांचे अंदाज नाणं उडवून मिळाले असते त्याहूनही वाईट निघाले. चिप्स पुढे सरकवणारे फक्त हात पाहणाऱ्यांचे अंदाज मात्र त्यापेक्षा चांगले ठरले. म्हणजे खेळाडूला चेहरा लपवता येतो, हालचालीतला विश्वास तितका लपवता येत नाही. दिग्दर्शक कॅमेरा डोळ्यांवर नेतो, तेव्हा तो नेमक्या चुकीच्या जागी पाहत असतो.

चांगला खेळाडू मुख्यतः वाचतो ती पैज. कुणी, कुठल्या जागेवरून, किती लावले, आधीच्या फेऱ्यांशी ते जुळतं का. 2003 च्या वर्ल्ड सिरीजमधला ख्रिस मनीमेकर आणि सॅमी फारहा यांच्यातला अखेरच्या टप्प्यातला डाव याचा उत्तम दाखला आहे. मनीमेकर टेनेसीतला हिशेबनीस, ऑनलाइन पात्रता फेरीतून वर आलेला. त्याच्याकडे इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती. टेबलावर इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, इस्पिक अठ्ठी. स्ट्रेटला एक पान कमी, फ्लशलाही एक पान कमी. शेवटचं पान आलं बदामाची तिर्री. दोन्ही गेलं. हातात नुसता राजा. फारहाकडे नव्व्यांची जोडी होती. मनीमेकरनं सगळे चिप्स पुढे ढकलले, फारहानं बराच विचार केला आणि पानं टाकली.

या डावात जोडीपलीकडे काही नाही. एका बाजूला तर तेवढंही नाही. तरी मी पाहिलेल्या कुठल्याही लिहिलेल्या प्रसंगापेक्षा तो जास्त श्वास रोखायला लावतो, कारण दोघांचंही वागणं पटण्याजोगं आहे. मनीमेकरची पैज सांगत होती की फ्लश किंवा स्ट्रेट लागला, आणि टेबलावरची पानं त्या खोट्याला दुजोरा देत होती.

'थेट स्पर्धा तरी खरी असते'

पूर्ण खरी तीही नसते. बंद पानं प्रेक्षकाला दाखवणारा कॅमेरा ब्रिटनमध्ये 'लेट नाइट पोकर'नं 1999 साली लोकप्रिय केला. त्याआधी टीव्हीवरचं पोकर म्हणजे न कळणारा मुका खेळ होता. पण त्या कॅमेऱ्यानं प्रेक्षकाला सर्वज्ञ केलं. फारहा मूर्ख वाटतो तो आपल्याला दोन्ही हात दिसतात म्हणून. शिवाय कित्येक दिवसांच्या खेळातून निवडक डाव काढून काही तासांचा कार्यक्रम होतो, आणि पानं टाकून गप्प बसण्यात गेलेले तासन् तास कापले जातात. ते गप्प बसणं हेच कसबी खेळाडूचं खरं काम असतं.

'तीन पत्ती येते म्हणजे पोकर येतं'

दिवाळीत तीन पत्ती खेळणारे आपण पोकरकडे त्याच चष्म्यातून पाहतो. पहिला घोळ हातांच्या क्रमाचा. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो. पोकरमध्ये उलट, फ्लश स्ट्रेटला मारतो. कारण साधं गणित आहे. तीन पानांच्या 22,100 जुळण्यांत नुसते सिक्वेन्स 720 आणि नुसते कलर 1,096, म्हणून सिक्वेन्स दुर्मिळ. पाच पानांत स्ट्रेट 10,200 आणि फ्लश 5,108.

दुसरा घोळ कौशल्याचा. सर्वोच्च न्यायालयानं 1968 मध्ये रमीला प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ म्हटलं आणि तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा. पोकरमध्ये कौशल्य आहे, पण ते हजारो डावांनंतर दिसतं. एका रात्रीत नशीबच बोलतं. मालिका नेमकं एका रात्रीचं दाखवतात आणि त्याला कौशल्य म्हणतात. गोव्यात मांडवीतल्या कसिनोच्या बोटीवर किंवा मोबाइलवरच्या ॲपवर पैसे लावणाऱ्या तरुणाला या फरकाची किंमत मोजावी लागते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही.

मग वास्तवाची गरज किती?

ईएसपीएननं 2005 मध्ये 'टिल्ट' ही पोकरवरची मालिका आणली. 'राउंडर्स' हा चित्रपट लिहिणाऱ्या, खेळ नीट जाणणाऱ्या जोडीनंच ती लिहिली होती. तरी ती फसवणूक आणि सूड यांवर उभी राहिली आणि एका हंगामात संपली. नुसत्या माहितीनं मालिका तरत नाही. उलट 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'च्या 1989 मधल्या एका भागात, अंतराळयानात, डेटा नावाचा यंत्रमानव पहिल्यांदा पोकरला बसतो. नियम आणि शक्यता त्याला तोंडपाठ आहेत. त्याचा यानावरचा सहकारी रायकर हातात काहीच नसताना पैज वाढवतो आणि डेटा पानं टाकतो. यान काल्पनिक, यंत्रमानव काल्पनिक, पण पोकर शंभर टक्के खरं.

मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो तो 'द सोप्रानोज'चा 2000 मधला 'द हॅपी वाँडरर' हा भाग. क्रीडासाहित्याचं दुकान चालवणारा डेव्हिड स्कॅटिनो मालिकेचा नायक, माफियाचा म्होरक्या टोनी सोप्रानो, याच्या बड्या डावात बसतो. कुणाला कुठली पानं आली, यावर कॅमेरा फारसा रेंगाळत नाही. दिसतं ते त्याचं पुन्हा पुन्हा उसनं मागणं. तो 45,000 डॉलरच्या कर्जात बुडतो. मग मुलाची गाडी काढून टोनीला देतो आणि टोनी ती स्वतःच्या मुलीला देऊ करतो. पुढच्या भागांत टोनीची माणसं त्याच्या दुकानाच्या नावावर उधारीनं माल मागवून तो विकत राहतात, दुकान दिवाळखोरीत जाईपर्यंत. टेबलावरचा नियम तिथं मोडलेलाच आहे, कारण उधार देणारा टेबलाचाच मालक आहे. आणि मालिका ते लपवत नाही.