यूव्ही क्रॉसलिंकर : दार बंद, मगच दिवा

सदर्न ब्लॉट या तपासणीत डीएनएचे तुकडे नायलॉनच्या पडद्यावर उतरवतात. एडविन सदर्न यांनी १९७५ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढच्या धुण्यात हे तुकडे वाहून जाऊ नयेत म्हणून पडदा यूव्ही क्रॉसलिंकर या पेटीत ठेवतात. पेटीतल्या दिव्यांतून २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण निघतात आणि डीएनएमधला थायमिन नायलॉनला घट्ट जोडला जातो. ओलसर पडद्याला साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला १२० मिलिज्यूल ऊर्जा देतात. काम मिनिटभरात आटोपते. मात्रा वाढली तर थायमिन नको तितका अडकतो आणि पुढे तुकडा ओळखून देणारी खूण फिकी पडते.

हेच किरण आपल्या पेशींमधल्या डीएनएलाही सोडत नाहीत. ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्या क्षणी दुखतही नाही. काही तासांनी मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, त्वचा भाजल्यासारखी लाल होते.

म्हणून दार उघडताच दिवे बंद करणारा सुरक्षा स्विच कधीही निकामी करू नये. दार नीट बसत नसेल, काच तडकली असेल, तर यंत्र वापरू नये. अतिनील किरण अडवणारी चेहराढाल, हातमोजे आणि मनगट झाकणारा कोट घालावा. पेटीत अल्कोहोलसारखे ज्वलनशील द्रव ठेवू नयेत. दिव्यांत पारा असतो; नळी फुटली तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नये, खोली हवेशीर करून प्रयोगशाळेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवावे.

डोळे जपणे हा प्रयोगाचाच भाग आहे.