नेमका शब्द (भाग ७) : माळेगावच्या पाटीवरून

बारामतीजवळ माळेगाव खुर्दला 2009 साली केंद्र सरकारची एक शेती संशोधन संस्था सुरू झाली. तिच्या इंग्रजी नावात 'एबायॉटिक स्ट्रेस' हे दोन शब्द आहेत. त्यातला 'स्ट्रेस' आता घरोघरी पोचला आहे. 'एबायॉटिक' मात्र पाटीवर वाचून आपण पुढे जातो. आज तोच फोडून पाहू.

ग्रीकमध्ये 'बायॉस' म्हणजे जीवन आणि सुरुवातीचा 'ए' नकाराचा, आपल्या 'अजैविक'मधल्या 'अ'सारखाच. डाळिंबावर तेल्या आला किंवा उसाला हुमणी लागली, तर तो बायॉटिक स्ट्रेस, कारण त्रास देणारा सजीव आहे. पाऊस लांबला, उन्हानं पीक करपलं, पाणी जास्त होऊन जमीन खारवट झाली, तर तो एबायॉटिक. नीरेकाठच्या शेतकऱ्याला हा फरक बांधावरच कळतो. कृषी पदवीच्या मुलाखतीला बसलेल्या त्याच्या मुलीला तो इंग्रजीत एका शब्दात सांगता आला पाहिजे.

शब्दाचं मूळ सापडलं की त्याचं गणगोतही ओळखीचं होतं. अँटिबायॉटिक आणि बायॉप्सी दवाखान्यातले. अँफिबियन म्हणजे पाण्यात आणि जमिनीवर, दोन्हीकडे जगणारा, जसा बेडूक. सिंबायोसिस म्हणजे एकमेकांच्या साथीनं जगणं. पुण्यातल्या त्या नावाच्या संस्थेचे संस्थापक शां. ब. मुजुमदार वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. हा शब्दही त्याच शास्त्रातला. म्हणून मी रोज वीस शब्द पाठ करण्याच्या विरुद्ध आहे. एक शब्द मुळासकट घ्यावा, तो टिकतो.

दुसरा शब्द 'पेरेनियल'. लॅटिनमध्ये 'पर' म्हणजे आरपार, 'अॅनस' म्हणजे वर्ष. 'अॅन्युअल' त्याच घरातला. पेरेनियल नदी बारमाही वाहते. कऱ्हा तशी नाही, ती पावसावर अवलंबून. शेतीबाहेर हा शब्द फार कामाचा आहे, कारण वर्षानुवर्षं न सुटणाऱ्या प्रश्नालाही 'पेरेनियल प्रॉब्लेम' म्हणतात. इंदापूरकडच्या टेलच्या गावांना कालव्याचं पाणी वेळेवर न मिळणं हा तसाच प्रश्न. तहसीलदारांना इंग्रजीत अर्ज लिहायचा झाला, तर 'ओल्ड प्रॉब्लेम'पेक्षा हा शब्द जास्त ठाम आहे.

जाता जाता 'रटून' : उसाचा खोडवा. खोडवा राखणं या अर्थी तो क्रियापद म्हणूनही चालतो.

या आठवड्यात खताच्या गोणीवरचा किंवा औषधाच्या बाटलीवरचा एक अनोळखी इंग्रजी शब्द निवडा. कोशात त्याचा उच्चार आणि मूळ पाहा, आणि तो वापरून आपल्या गावाबद्दल एक खरं वाक्य लिहा. पुढच्या भागात 'रेसिड्यू' घेऊ. युरोपला द्राक्षं पाठवणाऱ्या बागायतदारांचा माल याच तपासणीवर पास किंवा नापास होतो.