देशाची वही कोणाच्या हाती?

घरात नवा झाडू आणायचा म्हटलं तरी आपण आधी माळ्यावर एखादा पडलाय का ते बघतो. अमेरिकेच्या सरकारला हीच गोष्ट १९२२ साली भर सभेत सांगावी लागली होती, हे वाचलं तेव्हा मला हसूच आवरेना.

सांगणारे गृहस्थ होते चार्ल्स डॉज. १९२१ साली तिथे कायदा झाला आणि सरकारी बजेटसाठी वेगळी कचेरी सुरू झाली. डॉज तिचे पहिले संचालक. तोवर प्रत्येक खातं आपल्याला हवा तेवढा पैसा मागे आणि सगळ्यांच्या मागण्या समोर ठेवून कात्री लावणारं कोणी नव्हतं. म्हणजे एकत्र कुटुंबात प्रत्येक सुनेने किराण्याची वेगळी यादी द्यावी आणि डब्यात काय शिल्लक आहे ते कोणीच पाहू नये, तसला कारभार! डॉज साहेब सभेत चक्क झाडू घेऊन उभे राहिले. लष्कराकडे झाडू शिल्लक पडलेले, पण आरमाराला ते चालेनात. का, तर आमच्या नमुन्याचे नाहीत! साहेबांनी दोन्हीकडचे झाडू हवेत नाचवून दाखवले. पुढे हेच डॉज देशाचे उपाध्यक्ष झाले, शांततेच्या नोबेल पुरस्कारातही वाटेकरी झाले. पण मला ते झाडूवालेच लक्षात राहिलेत.

त्यांच्यानंतर आले हर्बर्ट लॉर्ड. हे त्यांच्याही वरचढ. सरकारी कारकुनाला एका वेळी एकच पेन्सिल, आणि जुनीचं थोटूक परत दिल्याशिवाय नवी मिळायची नाही. (आमच्या घरी शाळेच्या दिवसांत आईचा हाच नियम होता.)

झाडू काय, पेन्सिलीचं थोटूक काय, विषय सगळे आपल्याच ओळखीचे. पण मैत्रिणींनो, त्या खुर्चीवर पहिली बाई बसायला १९९४ साल उजाडावं लागलं. मध्ये ७३ वर्षं गेली. एकामागून एक पुरुषच.

ती बाई म्हणजे अ‍ॅलिस रिव्हलिन. १९३१ साली जन्मलेली, प्राध्यापकाची मुलगी. सरकारी कारभार शिकायचा म्हणून हार्वर्डमध्ये अर्ज केला, तर 'तुम्ही लग्नाच्या वयाच्या आहात' म्हणून प्रवेश नाकारला. कारण ऐकून आपल्याला नवल वाटायला नको. आपल्याकडे 'शिकून काय करायचंय, उद्या सासरी जायचंय' हे वाक्य किती जणींनी ऐकलंय! अ‍ॅलिसबाई गप्प बसल्या नाहीत. तिथेच रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजातून १९५८ साली अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेतली.

आता एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अमेरिकेत बजेटच्या कचेऱ्या दोन. एक राष्ट्राध्यक्षांची, डॉज साहेबांपासून चालत आलेली. १९७० साली निक्सन यांनी तिचं नाव बदलून कारभार वाढवला. दुसरी त्यांच्या संसदेची. ही आली १९७४ च्या कायद्याने, कारण संसदेने मंजूर केलेला पैसाही निक्सन अडवून धरायला लागले होते. मग संसदेला वाटलं, आपला स्वतःचा हिशेबनीस हवा. बरोबरच आहे. सगळा पैसा एकाच्या हातात आणि वहीही त्याच्याच हातात, असं कसं चालेल?

या दुसऱ्या कचेरीवर पहिलं माणूस कोण नेमायचं यावरून दोन सभागृहांचं जमेना. एकाला अ‍ॅलिसबाई हव्या होत्या, दुसऱ्याचा उमेदवार वेगळा. इथे जी गंमत झाली ती बाई स्वतः हसत सांगत. करांच्या समितीचे बडे अध्यक्ष विल्बर मिल्स एका रात्री एका नर्तिकेबरोबर गाडीतून जाताना पोलिसांना सापडले आणि तिने शेजारच्या तळ्यात उडी मारली! पुढे मिल्स यांची खुर्ची गेली. अ‍ॅलिसबाईंना विरोध करणारे पुढारी त्या खुर्चीवर सरकले, त्यांच्या जागी आलेल्याने होकार दिला. १९७५ च्या फेब्रुवारीत बाई रुजू झाल्या. लायकी आधीपासून होतीच. दार उघडलं ते मात्र कुणाच्या तरी भानगडीमुळे.

तीन मुलांच्या या आईने कचेरीला एक शिस्त घालून दिली. आकडे सांगायचे, पण 'असं करा, तसं करा' असा सल्ला द्यायचा नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. आमच्या बचत गटात वही वाचणारीने थकबाकी मोठ्याने वाचायची असते, मग ती स्वतःच्या जावेची का असेना. तिथे नजर चुकवली की गट संपला.

बाईंनी नजर चुकवली नाही. १९७७ साली कार्टर यांनी इंधन बचतीची मोठी योजना आणली. ते बाईंच्याच पक्षाचे. त्यांनी हिशेब करून सांगितलं, म्हणताय तेवढी बचत होणार नाही. झालं, आपलेच लोक रागावले. १९८१ साली रेगन आले. ते म्हणत तूट आटोक्यात येईल, बाईंचे आकडे म्हणत वाढेल. मग दुसरा पक्षही रागावला. त्याच वर्षी रेगन यांच्या कचेरीतले संचालक, ३४ वर्षांचे डेव्हिड स्टॉकमन, एका पत्रकाराजवळ कबूल करून बसले की या आकड्यांचं नेमकं काय चाललंय ते आम्हालाही धड कळत नाही! ते छापून आलं आणि अध्यक्षांनी त्यांची चांगलीच खरडपट्टी काढली. तूट खरोखरच फुगली. अ‍ॅलिसबाई १९८३ पर्यंत तिथे होत्या.

मग १९९४. क्लिंटन यांनी त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत पहिल्या महिला संचालक केलं. दोन्ही कचेऱ्या सांभाळणारं ते पहिलंच माणूस. त्याच महिन्यात त्यांचं एक खासगी टिपण फुटलं. तूट कमी करायची तर कर वाढवावे लागतील, पेन्शनसारख्या गोष्टींनाही हात लावावा लागेल, असे नको असलेले पर्याय त्यात मांडलेले. तोंडावर निवडणूक! विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. बाईंची खुर्ची मात्र टिकली.

पुढच्या हिवाळ्यात संसद आणि अध्यक्ष यांचं बजेटवरून इतकं बिनसलं की सरकारच बंद पडलं. आधी ५ दिवस, मग २१ दिवस. लाखो कर्मचारी घरी, बागा आणि संग्रहालयांना कुलूप. त्या घराघरांतल्या बायकांनी महिना कसा काढला असेल, हे मात्र मला कुठे वाचायला मिळालं नाही. देशाची तूट १९९२ साली २९० अब्ज डॉलर होती, ती १९९६ मध्ये १०७ अब्जांवर आली. १९९८ ला तर शिल्लक पडली. तोवर बाई मध्यवर्ती बँकेच्या उपाध्यक्ष झाल्या होत्या. २०१९ मध्ये, ८८ व्या वर्षी त्या गेल्या.

त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्षांच्या त्या कचेरीत रीतसर नेमलेल्या महिला संचालक दोनच झाल्या. सिल्व्हिया बरवेल २०१३ साली आल्या आणि सहा महिन्यांतच सरकार बंद करण्याचा आदेश त्यांना काढावा लागला. दुसऱ्या शलांडा यंग. २०२१ पासून त्या हंगामी म्हणून काम बघत होत्या, त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली. बाळंतपणाची रजा घेतली, परत येऊन वही हातात घेतली, आणि २०२२ च्या मार्चमध्ये त्यांना त्या पदावर कायम केलं.