पन्नास ओहम

तापकीर गल्लीतल्या या दुकानात तीन माणसं उभी राहिली की चौथ्याने पायरीवर थांबायचं. चौथा मी आहे. काउंटरवर एका कॉलेजच्या मुलीने ऑसिलोस्कोपचा तुटका प्रोब ठेवलाय.

"काका, जोडून मिळेल?"

काका केबलचं टोक सोलून तिच्यापुढे धरतात. आत तांबं नाहीच. जेमतेम दिसेल इतकी बारीक तार आहे. "हिला सोल्डर धरत नाही. मुद्दाम रोध असलेली तार घालतात, म्हणजे केबलमध्ये मागेपुढे धावणारा सिग्नल विरतो. साधी केबल घातलीस तर पडद्यावर नुसती थरथर."

नवा घ्यायला पैसे नाहीत. मग ती स्वतःच प्रोब बनवायच्या सामानाची यादी काढते: वन केचा मेटल फिल्म रेझिस्टन्स, पन्नास ओहमची केबल आणि टर्मिनेटर. दुकानातला पोऱ्या तत्परतेने सीसीटीव्हीची केबल आणतो, बीएनसी लावलेली, स्वस्त. ती हातही लावत नाही. "ही पंच्याहत्तरची."

काका स्टुलावर चढतात आणि पोटमाळ्यावरून पत्र्याचा डबा खाली येतो. एकेकाळी ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकाच काळ्या केबलवर असत. प्रत्येकामागे एक टी, आणि केबलच्या दोन्ही टोकांना टोपण. टोपण निघालं की सगळ्यांचं नेटवर्क बंद! ती टोपणं म्हणजेच टर्मिनेटर. मल्टिमीटर ५०.३ दाखवतो. नेटवर्क गेलं, रेझिस्टन्स शाबूत आहे. त्या काळची केबलही पन्नास ओहमचीच, तिचा एक तुकडा डब्याच्या तळाशी निघतो.

मागच्या टेबलावर काका सोल्डर गन तिच्याच हातात देतात. केबलच्या मधल्या तारेला हजार ओहम, पाय शक्य तितके आखूड. जाळी पिळून तिला टाचणी. दुसऱ्या टोकाला टी, त्यावर टर्मिनेटर, मग स्कोप. हजारावर पन्नास, म्हणजे सिग्नलचा एकविसावा भाग. पाच व्होल्टांचे पडद्यावर पाव व्होल्टाहून थोडे कमी.

आधी मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावरच्या एका पिनवर काकांचा टेन-एक्स प्रोब लागतो, वीतभर ग्राउंड वायरसकट. चौकोनी लाटेच्या प्रत्येक कडेवर काटे उभे राहतात. मग घरचा प्रोब त्याच पिनवर. काटे जवळजवळ गायब. सर्किट तेच आहे. काटे त्या लांब वायरचे होते. काका आपल्या प्रोबची वायर काढतात, बॉलपेनची स्प्रिंग ताणून टोकाजवळच्या कड्यावर बसवतात आणि तिचं दुसरं टोक शेजारच्या ग्राउंडला टेकवतात. आता त्यांचीही कड बरीच सरळ दिसते. महागड्या प्रोबसोबत आलेली ती लांब वायर लोक भक्तिभावाने का वापरतात, देव जाणे.

मुलीचा हुरूप वाढतो. ती मायक्रोकंट्रोलरच्या क्रिस्टलच्या पायाला टोक लावते. लाट नाही, सपाट रेघ. बोर्डावरचा लुकलुकणारा एलईडीही थिजतो.

"बंद पडलं ना? हजार ओहमचं ओझं त्या पायाला झेपत नाही," काका म्हणतात. "तिथे नव्वद लाख ओहमवालाच पाहिजे. आणि ते घरचं मेन्सच्या आसपास नेऊ नकोस, तो पाव वॅटचा रेझिस्टन्स आहे."

म्हणजे टेन-एक्स हवाच. ती जुन्या प्रोबांचा खण उपसू लागते. यातल्या कुणाची केबल धड आहे पण हुक नाही, कुणाचा हुक आहे पण ट्रिमरचा स्क्रू झिजलेला.

"दोन मिळून एक होईल," ती म्हणते. "किती घ्याल?"

"आधी होऊ तर दे."